फाइल वापरात आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

डायरे, दिवाळीच्या आधीपासून तुला हातही लावला नाही, माफ कर. पण कारण गोड आहे: नोकरी लागली! हर्सूलच्या पुढं बियाणं तपासणारी एक खाजगी प्रयोगशाळा आहे. मोकळं आवार, भोवती कडुलिंब. काम डेटाबेसचं. कापूस, मका, तूर, सगळ्या नमुन्यांच्या नोंदी एकाच जुन्या फाइलमध्ये आहेत. ती उघडली की शेजारी कुलपाचं चित्र असलेली एक छोटी फाइल आपोआप तयार होते. तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. मोठी फाइल बंद केली की छोटी पुसली जाते.

आज सकाळी मी पोचले तेव्हाच तिच्यात बद्रीनाथभाऊंचं नाव होतं. माझ्याआधी हे काम करणारे तेच, पिशोर गावचे. रात्रीही उघडीच ठेवता का, असं मी विचारलं. उद्या तुम्ही तुमच्या हातानं उघडा ताई, म्हणजे मी मोकळा, एवढंच म्हणाले.

संस्कृतीनं पेढे आणले. माझी लेक म्हणते, मम्मीला पंचेचाळिशीत कॅम्पस सिलेक्शन!

४ नोव्हेंबर

उघडली. कुलपात माझं नाव आलं. भाऊ चहाचा कप तसाच सोडून, डबाही न घेता निघाले. फाटकाबाहेर एक पाऊल टाकून थबकले, मग रस्त्यानं चक्क पळत सुटले. वॉचमन फकिरा म्हणाला, "मॅडम, घरी कंदुरीचं मटण दिसतंय!" मीही हसले.

सहाला फाइल बंद केली. कुलूप गेलं नाही. पुसायला गेले तर उत्तर आलं: फाइल वापरात आहे. माझंच काहीतरी चुकलं असेल. उद्या नीट बघीन.

५ नोव्हेंबर

काल घरी पोचले नाही. जसं झालं तसंच लिहिते. फाटकाबाहेर पडले, रिक्षासाठी वळले, आणि समोर माझं टेबल. पुन्हा गेले. पुन्हा टेबल.

फकिराला विचारलं. त्याचं म्हणणं, मी फाटकापर्यंत येते आणि आपण होऊनच वळते. "येवढं काय इसरता वो? बद्रीसाहेब बी आसंच करायचे. लई काम अंगावर घ्यायचा तो माणूस."

संस्कृतीला फोनवर सांगितलं की फाइल अडकली आहे, म्हणून मुक्काम इथंच. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही.

६ नोव्हेंबर

कॉम्प्युटरची वायर ओढली. परत लावली. नाव तसंच. मागच्या भिंतीवर चढून पलीकडं उडी टाकली — टेबल. गुडघा फुटला.

भाऊंनी अखेर फोन उचलला. मागं घरातले आवाज, भांडी, कुणाचं तरी हसू. ते रडत होते. म्हणाले, दुसऱ्या कुणी उघडल्याबिगर ती सोडत नाय ताई, माझ्या लेकीचं लग्न मी फोनवर पाहिलं. मग फोन बंद. आता लागत नाही.

७ नोव्हेंबर

फकिराला खुर्चीवर बसवलं. त्याचं नाव मीच टाइप केलं. माऊस हातात दिला. केवढा खूश झाला, "मला शिकवता व्हय मॅडम? बायकोला फोटो धाडतो!"

त्याचा हात मी बाजूला केला. पण हाताला धरून बसवलं होतं मीच. हे लपवायचं नाही.

८ नोव्हेंबर

संस्कृती ऐकत नाही. उद्या सकाळी येते म्हणते. तिचं कॉम्प्युटरचं शिक्षण — "तू फक्त सरक मम्मी, मी उघडते." येऊ नको म्हटलं. ओरडले. त्यानं ती जास्तच घाबरली. फकिरा तिला अडवणार नाही. मॅडमची पोरगी.

ती खुर्चीवर बसली तर मी थांबवीन?

खरं लिही, सुरेखा.

काल हात बाजूला केला. पण किती उशिरानं —

फाइल पुसता येत नाही. वापरात आहे. डिस्क मात्र फोडता येईल. मग कुणालाच उघडता येणार नाही. मलाही सोडवायला कुणी —

उद्याचं काम: संस्कृती यायच्या आत डिस्क काढून फोडणे. मी आत असताना ती फुटली तर मी