न भुंकणारं पिल्लू

नागपूर,
४ फेब्रुवारी २००७

चि. तिलक यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू माझं अर्धंच ऐकतोस आणि सफारीची गाडी आली म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. बसून वाच.

संक्रांतीला आले तेव्हा आईच्या मागे उभी राहून मी तीनदा हाक मारली. तिनं मानही वळवली नाही. कानाचं यंत्र तिनं तांदळाच्या डब्यात ठेवलंय, शिट्ट्या मारतं म्हणते. महिनाभरात मोहाची फुलं गळायला लागतील आणि ती पहाटे शेताच्या धुऱ्यावरच्या झाडांखाली एकटी वाकून वेचत बसेल. गेल्या साली शालीकरामकाकांवर अस्वल आलं. त्यांना चांगलं ऐकू येत होतं, तरी एक डोळा गेला. आईला तर पाठीशी आलेलं कळणारही नाही. मला झोप लागत नाही रे.

आमच्या समोर नंदलालजी राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या डॅशहुंड कुत्रीला शेजारच्या बंगल्यातल्या पूडलपासून पिल्लं झाली. दोन्ही मालकांचं बोलणं बंद आहे, पण पिल्लं गोड आहेत. अंग लांबुळकं, पाय वीतभर, वर कुरळे केस. हे केस फारसे गळत नाहीत म्हणे, म्हणजे आईचा खोकला वाढायचा नाही. आता दोनच उरलीत. तपकिरी आहे ते तोंडच उघडत नाही. काळं मात्र चिमणी हलली तरी घर डोक्यावर घेतं. मी काळं निवडलंय. होळीला घेऊन येते.

आईला जप, आणि या बहिणीवर रुसू नकोस.

तुझी,
दुर्गेश्वरीताई

चोरखमारा,
११ फेब्रुवारी २००७

ती. ताईस तिलकचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचलं आणि वाचून उभा राहिलो. ते पिल्लू आणू नको.

तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. शालीकरामकाकांसोबत त्या दिवशी कुत्रं होतं. ते भुंकत अस्वलावर गेलं. अस्वल फिरलं तसं कुत्रं पळत येऊन काकांच्या पायात लपलं, आणि त्याच्या मागे अस्वल. कुत्र्याला खरचटलंसुद्धा नाही. तुझं काळं नेमकं तेच करणार. शिवाय बिबट आहेच. जानेवारीत सेवकरामच्या ओसरीवरून त्यानं कुत्रं उचललं.

यंदा मोह सोड, असं मी आईला पाटीवर लिहून दाखवलं. ती म्हणाली की मी काऊन सोडू, लगीन होऊन आली तवापासून वेचून राहिली, अस्वल का मले नवीन आहे. मग पाटी पुसून माझ्या हातात दिली. मला गाईड म्हणून जंगलाच्या गेटवर पहाटे पाचला हजर व्हावं लागतं. गाडीतल्या पाहुण्यांना अस्वल दिसलं की ते खूश होतात आणि मला आपला धुरा आठवतो.

धाकट्याचं एकदा तरी ऐक. भाऊजींना नमस्कार. आहे ती माया कमी करू नको.

तुझा,
तिलक

नागपूर,
८ मार्च २००७

चि. तिलक यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

होळीहून आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नंदलालजींनी ऐनवेळी दोन्ही पिल्लं टोपलीत घातली नसती तर हे झालंच नसतं. आई काळ्याच्या तोंडाची उघडझाप पाहून नुसती हसली आणि तपकिरी उचलून पदरात घेतलं. तू मिशीत हसलास, तेही मी पाहिलं. भुंकणार नाही म्हणजे अस्वल अंगावर आणणार नाही, एवढंच तुझं समाधान. पण मग आईला सावध कोण करणार? जिला ऐकू येत नाही तिच्यासोबत न भुंकणारं कुत्रं! काळं आता माझ्याकडे आहे आणि ते भुंकलं की मला रडू येतं.

मोह आठवड्यावर आला. रोज पोस्टकार्ड टाक, दोन ओळी पुरेत. आणि पिल्लाला बाजेवरून उड्या मारू देऊ नका. एवढ्या लांब पाठीचा मणका लवकर दुखावतो, असं डॉक्टर म्हणाले.

रागात लिहिलंय, पोटात घाल.

तुझी,
ताई

चोरखमारा,
२७ मार्च २००७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे. पुढचं आता वाच.

आज साडेआठला गाडी परत आली तेव्हा आपल्या शेजारचा जागेश्वर गेटवर थांबला होता. आपल्या धुऱ्यावरून अस्वल नाल्यात उतरताना त्यानं पाहिलं होतं. आई कुठे दिसली नाही म्हणाला. मी त्याची सायकल घेऊन निघालो. झाडाखाली टोपली उलटी, मोह तुडवलेला, आईची एक चप्पल. मी आई, आई म्हणून रान उठवलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी कोणाला हाका मारतोय.

घरी आलो तर ती मागच्या अंगणात बाजेवर बसून पिल्लाला दूधभात चारत होती. मी तिथंच दारात खाली बसलो. काय झालं विचारलं तर तिनं हातानंच थांबवलं आणि कागद मागितला. तिचं पत्र सोबत घालतोय.

पत्राची वाट पाहतो.

तुझा,
तिलक

चोरखमारा,
२७ मार्च

सौ. दुर्गेश्वरीस आईचे अनेक आशीर्वाद.

बालवाडीची नोकरी सुटल्यापासून एवढं लिहिलं नाही, अक्षर लावून घे.

मी तपकिरी काऊन घेतलं, हे तुम्ही दोघांनी मला विचारलंच नाही. काळं तोंड उघडत होतं, मला त्यातलं काही कळत नव्हतं. हे मात्र आवाज झाला की आधी तिकडे पाहायचं आणि मग माझ्याकडे. तीन वर्षं झाली, घरात कोण आलं, कोण गेलं, मला कोणी सांगत नाही. सांगायला ओरडावं लागतं, म्हणून माणसं सांगणंच सोडतात. हे सगळं सांगतं. तिलक वळणावर आला की मला आता कळतं.

आज मी वेचत होते तर ते येऊन माझ्या पोटरीला चिकटलं. थरथरत होतं. त्याचं नाक होतं तिकडे पाहिलं. दुसऱ्या झाडाखाली अस्वल मोह खात होतं, वीस हातांवर. पिल्लू भुंकलं असतं तर हे पत्र झालं नसतं. मी त्याला उचललं आणि उलट्या पावलांनी खालच्या धानाच्या बांधीत उतरले. घरी आलो तरी त्याचं थरथरणं थांबेना.

उद्यापासून मी मोहाला जाणार नाही. तुमच्या सांगण्यानं नाही, हे आधीच सांगते. तुम्ही दोघं सालभर भीत होता म्हणे, ते मला ऐकू गेलं नाही. याचं भिणं माझ्या पायाला लागलं.

तिलक मघापासून दारात बसून आहे. त्याचाही हात तसाच थरथरून राहिला आहे, मला आत्ता दिसला. पत्र इथंच थांबवते आणि त्याच्याजवळ जाऊन बसते.

जावईबापूंना आशीर्वाद. येत जा.

तुझी आई,
रामबाई