पूलवाल्याला मारायचंय

६ ऑक्टोबर
आज सकाळी देव्हाऱ्यापुढे ताज्या भाताची वाटी ठेवली, अमिदा बुद्धाचं नाव घेतलं आणि उठता उठता ठरवलं: पूलवाल्याला मारायचं. काही विचारपूस न करता मारायचं.

काम सोपं आहे. आमच्या ॲनिमेशन मालिकेच्या अकराव्या भागात नायक किल्ल्याकडे निघतो. वाटेत पूल, पुलावर एक पहारेकरी. नायक वार करतो, पहारेकरी नदीत. अर्ध्या मिनिटाचा मामला. पटकथेत त्याला नावसुद्धा नाही, नुसता 'शत्रू ब'.

दुपारी स्टुडिओत पटकथावाचन. दिग्दर्शक कुरामोचीने सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाला, त्सुबोता-सान, एवढी कृपा करा, ह्याला आई नको. सगळे हसले. मीही हसलो. चौथ्या भागातल्या दरोडेखोराला मी आंधळी आई दिली होती आणि सातव्यातल्या जुळ्या भावांना बंद पडलेलं सूपचं दुकान. लोक अजून विसरलेले नाहीत. चांगलं काम लक्षात राहतंच.

निघताना कुरामोची म्हणाला, हा भाग सरळ लिहा, मग पुढच्या सीझनचं बघू. म्हणजे मुख्य लेखकाची खुर्ची. उघड बोलला नाही, पण आमच्या धंद्यात अशा गोष्टी उघड बोलत नाहीत. पन्नाशी आली. हे हुकलं तर पुन्हा कोण बोलावणार, हा विचार मनात आणायचा नाही, असंही ठरवलं.

७ ऑक्टोबर
एक ओळ लिहिली. 'शत्रू ब येतो.'

कुठून येतो? हे तर लिहावंच लागतं, नाहीतर चित्रकार अडतात. उजवीकडून. पण उजवीकडे गाव आहे, हे तिसऱ्या भागात दाखवलंय. म्हणजे तो गावचा. कामावर आला म्हणजे घरून निघाला. घरून निघाला म्हणजे हातात डबा असणार.

डबा लिहिला. ही पूर्वकथा नव्हे, ही वस्तू आहे.

८ ऑक्टोबर
त्याचं नाव गोन्झो. फक्त माझ्या सोयीसाठी. पटकथेत घालणार नाही.

१० ऑक्टोबर
निर्मितीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या इसोगाईबाईंचा फोन. कच्चा मसुदा त्यांच्या हाती कसा लागला कळत नाही. बहुधा मीच पाठवला. म्हणाल्या, गोन्झो कोण? नाव आलं की माणसाचं वेगळं डिझाइन लागतं, आवाजाला वेगळा नट लागतो, शेवटच्या नामावलीत ओळ लागते. आणि हा डबा कशाला? मी म्हटलं, साधा डबा आहे. त्यांनी विचारलं, बंद आहे ना? मी खोकलो. त्या म्हणाल्या, उघडलात वाटतं. काय आहे आत?

भाताचे दोन गोळे, मुळ्याचं लोणचं. एक गोळा लहान आणि वाकडा, कारण तो मुलीने वळलाय.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, त्सुबोता-सान, आमची चित्रकार पोरं कामापायी रोज शेवटची गाडी चुकवतात हो. आणि आता मुलगीही चित्रात काढायची?

त्यांनाही मुलगी डोळ्यांसमोर दिसली, हे मी लक्षात ठेवलं.

११ ऑक्टोबर
मुलगी काढून टाकली. मन घट्ट केलं की सगळं जमतं. वाकडा गोळा आता शेजारणीने वळलाय. शेजारीण का वळते, ते अजून ठरलेलं नाही.

रात्री जेवताना बायको, किनुए, एका गालाने जेवत होती, बोलत नव्हती. मी पूलवाल्याची अडचण सांगितली. ती रागावलीय असं वाटून विषय लांबवला. शेवटी म्हणाली, दाढ काढून आलेय मी. त्या गोन्झोच्या शेजारणीचे दात ठीक आहेत ना, विचारा तिला.

शेजारणीला दातदुखी. वाईट नाही कल्पना.

१५ ऑक्टोबर
पटकथावाचन. पूलवाल्याचं अर्धं मिनिट वाढून जाहिरातीच्या आधीचा सगळा भाग झालं होतं. वाचून झाल्यावर कुणी कागद हलवेना. अशी शांतता मी फार दिवसांनी अनुभवली.

कुरामोची म्हणाला, ह्या माणसाला नायकाने मारलं तर बघणारा नायकाला शिव्या देईल. मी आभार मानले. तो म्हणाला, कौतुक नव्हतं ते. मग म्हणाला, आता लोक इतके हुशार झालेत की आठवण सुरू झाली, पडदा पिवळसर झाला, की लगेच नेटवर लिहितात, गेला बिचारा. तुमच्यामुळे आमच्या मालिकेत कोण मरणार हे आधीच कळतं. मी म्हटलं, म्हणजे निदान निरोप द्यायला तयार असतात. ह्यावर त्याने डोळे चोळले. झोप होत नाही त्याची.

बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाला, मी वरच्यांशी तुमच्या बाजूने बोललोय, पण हा शेवटचा. माझ्या बाजूने बोलला! शेवटचा म्हणजे शेवटचा मसुदा. सोमवारी सकाळी द्यायचा.

मोमोसे नावाची एक नवी लेखिका हल्ली वाचनाला बसते. शिकायला, असं कुरामोची म्हणाला. तिने माझ्या जुन्या पटकथा मागितल्या, पुढच्या भागांची टिपणंही. सगळं दिलं. ह्या वयात शिष्य मिळणं ही कृपाच.

१७ ऑक्टोबर, दुपार
उपाय सापडला. इतका सोपा की हसू आलं. माणूसच नको! पुलावर दरड कोसळून मोठा दगड पडलाय. नायक दगड फोडतो आणि पुढे जातो. दगडाला आई नसते.

एका बैठकीत लिहून पाठवलं.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ
पण दरड कोसळली कधी?

मी चौथीत असताना आमच्या शाळेमागची दरड आली होती. पटांगणात एक दगड येऊन बसला. हलवता येईना, मग मास्तरांनी त्याला सुट्टीची घंटा टांगायची जागा केली. दोन वर्षांनी आमचा त्याच्यावर जीव जडला होता. चार ओळी वाढवल्या, पाठवल्या.

१८ ऑक्टोबर
इसोगाईबाईंचा फोन. दगडाला लहानपण? एवढंच विचारलं आणि ठेवला.

२० ऑक्टोबर
काम झालं नाही. पाऊस.

लहानपणचा, गावच्या देवळातला एक दिवस आठवत बसलो. हेमंतात आमच्याकडे बुवा गावातल्या मेलेल्यांची नावं वाचत. कोंबड्या चोरणाऱ्याचंही नाव, सावकाराचंही, सारख्याच आवाजात. एका वर्षी समुद्राने एक प्रेत किनाऱ्याला आणून टाकलं होतं, कोण, कुठला, पत्ता नाही. त्याची पाळी आली तेव्हा बुवा थांबले. वाचायला काही नव्हतं. नुसता एक श्वास घेतला आणि पुढच्या नावाकडे गेले. मी पुढच्याच रांगेत होतो. त्या श्वासाएवढ्या वेळात मी त्या माणसाला घर दिलं, बायको दिली, दाराशी वाळत घातलेली मासळी दिली.

हे सगळं कुरामोचीला सांगितलं पाहिजे. तो समजेल. पण आधी पूलवाला.

२२ ऑक्टोबर
सोमवारची तारीख चुकली. कुरामोचीचा फोन. अजिबात चिडला नाही. जमत नसेल तर राहू द्या म्हणाला, विश्रांती घ्या, थंडी पडायला लागलीय. फार आस्थेने बोलला. इतक्या मऊ आवाजात तो कधी कुणाशी बोललेला मी ऐकला नव्हता. माझ्या तब्येतीची त्याला काळजी आहे.

किनुएला सांगितलं. ती भांडी घासायची थांबली. म्हणाली, राहू द्या म्हणजे राहूच द्या असतं कधी कधी. बायकांना ह्या धंद्यातली भाषा कळत नाही.

२५ ऑक्टोबर
झालं.

घरी जमणार नाही म्हणून स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसलो. दगड काढला, माणूस परत आणला. लिहिलं: 'शत्रू ब येतो. नायक वार करतो. शत्रू ब नदीत पडतो.' नाव नाही, डबा नाही. कुठून येतो तेही लिहिलं नाही. चित्रकार बघून घेतील.

पुढे 'नायक क्षणभर खाली बघतो' असं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. खोडलं. तेवढ्यात कॉफी आणून देणाऱ्या मुलीने विचारलं, आजोबा, अजून काही आणू? खोडलेलंच ठेवलं.

पाठवलं. डोकं दुखतंय. उत्तर आलं नाही, पण शुक्रवार आहे.

२९ ऑक्टोबर
उत्तराची वाट बघण्यापेक्षा स्वतःच गेलो. भिंतीवर अकराव्या भागाची चित्रं लागलेली. लेखिका: मोमोसे.

पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत बघत गेलो, मग परत पहिल्यापासून. पूल नाही. पूलच नाही. नायक गावातून निघतो आणि पुढच्या चित्रात किल्ल्याच्या दारात उभा.

मोमोसे खुर्चीवरून उठली, इतकी खाली वाकली की तिचं तोंड दिसेना. म्हणाली, वेळ वाचावा म्हणून पूल गाळला, तुम्हाला कळवलं असेल असं वाटलं. मी म्हटलं, हो हो, कळवलंय. चांगलं केलंस, गती आलीय. पुढच्या सीझनच्या तक्त्यावरही वर तिचंच नाव होतं. मी तेही चांगलं आहे म्हटलं.

म्हणजे तो मेला नाही. जन्मलाच नाही म्हटल्यावर कसा मरेल. ह्यात समाधान मानायला हवं. घरी येईपर्यंत मानत होतो.

३० ऑक्टोबर
विचार केला. कुरामोचीला मला तोंडावर सांगणं जड जात असणार. मीच त्याची सुटका केली पाहिजे. आपण होऊन मालिका सोडायची. रुबाबात.

आणि सोडताना सगळं सांगायचं. शाळा, बुवा, तो श्वास. मी असं का लिहितो, हे एकदा तरी कुणीतरी नीट ऐकायला हवं. किनुए म्हणाली, थोडक्यात सांगा. तिच्यासमोर तालीम केली. भाजी निवडून होईपर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली, मला हे ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं झाली, अन् ठाऊक नव्हतं.

२ नोव्हेंबर
सांगून आलो.

कुरामोची पडद्यावर नायकाची उडी पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघत होता. मी शेजारी उभा राहिलो. म्हटलं, मी ह्या मालिकेतून मोकळा होतो. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला, म्हणाला, अं? मी पुन्हा म्हटलं. तो उठून उभा राहिला, वाकला, म्हणाला, बरं, इतके दिवस फार कष्ट घेतलेत. मी म्हटलं, आमच्या गावात एक देऊळ होतं. तेवढ्यात फोन वाजला. त्याने हात वर करून थांबा अशी खूण केली आणि फोनवर बोलत पलीकडे वळला. गहिवर लपवायचा असेल.

थोडा वेळ थांबलो. मग पडद्यालाच वाकून नमस्कार केला आणि निघालो.

लिफ्टपाशी इसोगाईबाई दोन्ही हातांत चित्रांचे गठ्ठे घेऊन धावत आल्या. म्हणाल्या, दार धरा हो जरा. मी धरलं. त्या आत शिरल्या, म्हणाल्या, कितवा मजला? मी म्हटलं, खाली.