वळणावरचं रेडबड

प्रिय वर्ना,

हे वाचताना तोंडात काडी असेल तर आधी थुंक, मग पुढे वाच. जानेवारीत बाळाला निजवायच्या टोपलीसाठी पाठवलेली रेडबडच्या झुडपाची मोळी दातांना लावू नकोस. जाळूही नकोस, धूर वाईट. बांधून घराबाहेर ठेव आणि हात साबणाने धू. हे लिहून देणारी डोलोरेस म्हणते, "आजी, आधी खुशाली तरी विचार!" तिला म्हटलं, दुकान तुझं, पेन तुझं, पण पत्र माझं आहे. तुझ्याकडे फोन असता तर तिच्या दुकानातून तुझ्या फ्रेस्नो शहरापर्यंत ओरडले असते.

झालं असं. मंगळवारी वळणावरच्या रेडबडकडे गेले. आपण दर हिवाळ्यात छाटतो म्हणून त्याला सरळ लाल काड्या येतात, आणि त्या कोवळ्या काड्यांना फूल नसतं. मागची एक जुनी फांदी मात्र मी सोडते. तुझ्या आजोबांना वाटायचं, म्हातारी विसरली. विसरत नव्हते, बघायला जायचे. पान फुटण्याआधी उघड्या सालीतूनच झुबके निघतात. लांबून नुसती गुलाबी धूळ. नाक टेकवलं की दिसतं, एकेक फूल म्हणजे नखाएवढं पाखरू, पंख मागे उचललेले, चोच मिटलेली, आणि देठ शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. पंखांवर शिरा असतात, तान्ह्या बाळाच्या पापणीवर दिसतात तशा.

या वर्षीही नाक टेकवलं. पंख आत मुडपलेले. एका फुलाला चोचच नाही. कळ्या देठावरच काळ्या, आणि नवं पान सुतळीसारखं पिळलेलं. माझे डोळे फसवत असतील म्हणून डोलोरेसला ओढत नेलं. ती फुलांकडे बघेचना, बाजूच्या पिवळ्या पाटीकडे बघत राहिली. "आजी, ही इथे कधीपासून आहे?" म्हटलं, पानगळीपासून, खांब कामाचा आहे, काड्या कापताना कोट त्यावरच अडकवला होता. मग तिने वाचून दाखवलं. रस्तेवाल्यांनी कडेची झुडपं मारायचं विषारी औषध फवारलंय, हात लावू नका. पाटी कोटाने झाकून मी तुझ्या बाळाची टोपली कापत होते, पोरी.

डोलोरेस समजूत घालते, "काड्या काय कोणी खातं का?" तिच्या घरात शेवटची टोपली विणून चाळीस वर्षं झाली, तिला काय ठाऊक. एक टोक दातात, दोन दोन्ही हातांत, असे काडी फाडून उभे तीन भाग करायचे. मीच शिकवलं. तू बोटांनी फाडायला बघायचीस तर मीच टोमणा मारायचे, "दात काय नुसते हसायला दिलेत?" आता वाटतं, आळशी राहिली असतीस तर बरं झालं असतं.

एक गोष्ट सांगणार नव्हते. डोलोरेसने पेन खाली ठेवलं, म्हणाली, "हे नाही लिहिलं तर मी उठते." तर ऐक. पोट वाढलं की तुला बसवणार नाही म्हणून निम्मी मोळी मीच दातांनी फाडून पाठवली होती. तेव्हापासून ओठ झोंबतो. शुक्रवारी ही मला दवाखान्यात नेणार आहे. माझे दात पाचच उरलेत, त्यांचं काय व्हायचं ते होवो. मला भीती आहे उरलेल्या निम्म्या मोळीची. उत्तर अक्षरांत पाठवू नकोस. डोलोरेस वाचत असताना तिच्या चेहऱ्याकडे बघत बसणं मला जमणार नाही. ती निम्मी अजून अख्खी असेल तर पाकिटात एक गाठ मारलेला दोरा घाल, पाकीट मी स्वतः फोडीन, बोटांना कळेल. एक जरी काडी दातात धरली असशील तर काही पाठवू नकोस. हा कागद घे आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. पाटीवरचं औषधाचं नाव डोलोरेसने कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत उतरवलंय.

तुझीच, टपालाच्या गाडीकडे डोळे लावून बसलेली,
एटा आजी
(अंगठा माझाच आहे, डोलोरेसचा नाही.)