धोंड्याच्या महिन्यातला राजा

१७ मे, रविवार. सकाळ.
आजपासून नवा बजरंग. काल जिंतूरच्या मंगल कार्यालयात 'आपल्यातला नायक जागवा' शिबिर केलं. राजेश्री मॅडम म्हणाल्या, प्रत्येक पुरुषात चार नायक झोपलेले असतात: राजा, योद्धा, ऋषी, प्रियकर. माझ्यात राजा आहे, हे मला चहाच्या ब्रेकमध्येच जाणवलं. शिबिराच्या कागदावर बायकांसाठीही चार नायिका आहेत. मंजुषाला मी 'त्यागमूर्ती' दिली. ती म्हणाली, लय झाला त्याग, आधी गॅसची टाकी बदला. बदलली.

आजच धोंड्याचा महिना लागला. ताडकळसला सासरी धोंडे जेवायला जायचं. मागच्या अधिकात शाळेच्या ऑफिसचं ऑडिट निघालं आणि राहिलं. मंजुषा तेव्हापासून ऐकवते. जोडीनं पाटावर बसायचं, आईनं ओवाळायचं, एवढं एकच तिचं मागणं आहे. या वर्षी नक्की. शब्द दिला.

२१ मे.
सासूबाईंचा फोन. दोघं या, म्हणे. मी मंजुषाला शांतपणे समजावलं की राजाला फोनवर आवतण देत नसतात, घरी येऊन द्यावं लागतं. ती वडिलांना दादा म्हणते. म्हणाली, दादांचे गुडघे दुखायलेत, एवढ्या उन्हात कशाला यायला लावता त्यांना? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती उठून भांडी घासायला गेली. प्रभाव पडतोय.

येलदरीचा साडू परमेश्वर म्हणे पहिल्याच फोनला हो म्हणाला. मिस्ड कॉलवरही गेला असता. त्याच्यात नायकच नाही.

२९ मे.
मॅडमचा मेसेज: राजा पक्का व्हायचा तर आधी ऋषी जागवा. कागदात दिल्याप्रमाणे एक दिवस मौन. डोळे मिटून, न हलता. उद्या शनिवार. करतोच.

३० मे. संध्याकाळ.
मौन यशस्वी. अडथळा एकच आला. दुपारी दत्तराव मामा, म्हणजे सासरे, स्वतः आले. दोन एसट्या बदलून. मंजुषा बाजारात गेलेली. मी दारातच आसन घालून बसलेलो. मामा म्हणाले, जावईबापू, आवतण द्यायला आलोय, धोंडे जेवायला या. मी मंद हसलो. मामा म्हणाले, आमचा राग आला का? ऋषीला बोलता येत नाही. मी हात वर केला, आशीर्वादासारखा. अर्थ: येतो. मामा थोडा वेळ उभे राहिले, मग गेले. एक डोळा उघडून पाहिलं, तर टोपी काढून घाम पुसत चालले होते. वाईट वाटलं. पण उठलो असतो तर सकाळपासूनचं सगळं वाया गेलं असतं.

अर्थ कळला असणार. मामा समजदार आहेत.

३१ मे.
कळला नाही. त्यांना वाटलं, मी 'निघा' म्हणालो.

मंजुषा ओरडली नाही. ती ओरडते तेव्हा मला काळजी नसते. एवढंच म्हणाली, माझ्या बापाला पाणी इचारलं न्हाई तुमी. मग शिबिराचा कागद घेतला, चार नायिकांमधल्या 'रणरागिणी'वर बोट ठेवलं, पिशवी भरली आणि एसटीनं माहेरी गेली. कागदही घेऊन गेली. तो लॅमिनेट केलेला होता.

७ जून.
धोंडे जेवण झालं. मेव्हणी वैष्णवीनं स्टेटसला फोटो टाकलाय. परमेश्वर आणि ती पाटावर, पुढे तळलेल्या धोंड्यांचं ताट. मंजुषा मागे उभी, हातात वाढायचं भांडं. बाजूला आणखी दोन पाट, रिकामे. एकावर नवा चौकटीचा शर्ट, घडी घातलेला. माझ्याच मापाचा दिसतो.

फोटो बऱ्याचदा पाहिला. आता योद्धा जागवणार. न बोलावता जाणार. उद्याच.

८ जून.
रजा मिळाली असती. मागितली नाही. योद्ध्यानं आधी तयारी करावी.

१० जून.
तयारी: केस कापले.

१२ जून.
मंजुषासाठी प्रियकर जागवला. व्हॉट्सअॅपवर गुलाब पाठवला. निळी टिक आली. उत्तर नाही. बहुतेक भारावली असावी. घरात खिचडी. कालही खिचडी.

१५ जून.
अधिक महिन्याचा शेवटचा दिवस. निघालो! परभणी स्टँडवर ताडकळसची गाडी समोर लागलेली. मॅडमनी सांगितलंय, राजा कधी धावत नाही. धावलो नाही. गाडी गेली. शेवटची होती. मावसभावाकडे मुक्काम.

१६ जून. ताडकळस.
पोचलो. महिना काल संपला. सासूबाई म्हणाल्या, या, भाकरी खाऊन घ्या. आता धोंडे तीन वर्षांनी.

मामा ओसरीवर मांडी घालून बसलेत. डोळे मिटलेले. अंगात चौकटीचा शर्ट. मी पाया पडलो, म्हणालो, मामा, चुकलं माझं. खरंच म्हणालो. मामांनी हात वर केला. आशीर्वादासारखा.

मंजुषा आतून आली. म्हणाली, दादांचं आज मौन हाय. कागदात बघून बसलेत. सांजच्याला सुटंल, मग काय ते बोला. तोवर बसा. हे घ्या पाणी.

प्यायलो. सकाळपासून समोर बसून आहे. मामांना ऋषी माझ्यापेक्षा चांगला जमतो, हे मान्य. मघाशी फक्त एकदा त्यांनी एक डोळा उघडला, मी अजून बसलोय का ते पाहिलं, आणि परत मिटला.