कोकडा न येणारी मिरची

हुडकेश्वर, मंगळवार संध्याकाळ

गच्चीवर मिरचीच्या दोन कुंड्या हायेत. भिवापूरच्या जुन्या बियाच्या झाडाले कोकडा आला, पानं आखडली, तरी मिरच्यांनं लदलं हाये. माह्या पोरीनं, मंदीनं, आणलेल्या नव्या जातीले रोग शिवत नाही, पण लागल्या दोनच मिरच्या. सोताले सांभाळण्यातच सारा जोर जात असन त्याचा!

मंदीले फोनवर म्हटलं, "येऊन राहिली का वं रविवारी?"

"सासूबाई आजारी हायेत, माय. तुले काय होते? तू तं ठणठणीत!"

ठणठणीत. हे गेले तवापासून मी एक दिस आजारी पडली नाही. सोताले सांभाळलं. अन् दोनच मिरच्या.

मीबी रोज त्या रोगट झाडाशीच बोलतो. धडधाकटाले कोण पुसते? आज त्या नव्या झाडाले म्हटलं, "काहून गा, जरासा आजारी पडत जा नं!"

उद्या फोनवर खोकून पाहीन.