तिकिटावरचा तांबडा ठिपका

बाबा, तुमचं ते जुनं संस्थानी पोस्टाचं तिकीट काल मी कात्रजला नेऊन आणलं. तिकीट प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट पुठ्ठ्यात, पुठ्ठा पर्समध्ये आणि पर्स पोटाशी धरलेली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ढोलताशे विसरलीस वाटतं." पण नेणं भाग होतं. तुम्ही गेल्यापासून तुमचा अल्बम माझ्या कपाटात आहे, आणि त्या तिकिटाशेजारी तुम्ही पेन्सिलने काढलेलं प्रश्नचिन्हही. त्याचं उत्तर आता मिळालं आहे. ते तुम्हाला आवडणार नाही.

रविवारची सकाळ आठवते. स्वयंपाकघरातलं टेबल पुसून कोरडं केलेलं, त्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि तुम्ही न् काका समोरासमोर बसलेले. काका तुमच्या ऑफिसातले, तुमच्याइतकेच तिकीटवेडे, आणि ज्यांच्यासमोर तुम्ही मोठ्याने हसायचात असे एकमेव. मी पोह्यांचा हात तसाच घेऊन अल्बमचं पान उलटायला जाते आणि तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "लिंबूही पीळ वरून. तिकिटाला चव येईल." त्यानंतर मी अल्बमला बोट लावलं नाही. पुढच्या वाढदिवसाला तुम्ही मला पितळी मुठीचं भिंग दिलंत आणि सांगितलंत, नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मैत्रिणींना वाढदिवसाला कानातलं मिळायचं. मला ते भिंग फार आवडलं होतं, हे सांगायचं राहून गेलं.

दर दसऱ्याला तुम्ही दोघं आपट्याची पानं एकमेकांच्या हातात ठेवायचात आणि पाठोपाठ आपापले अल्बमही, आठवडाभर निवांत बघायला. एका वर्षी काका अल्बम परत घेऊन आले, तुम्ही त्यांच्यासमोरच उघडलात आणि संस्थानी तिकिटाच्या पानाशी थांबलात. तिकिटाच्या कोपऱ्यात मोहरीएवढा तांबडा ठिपका होता, त्याच्याभोवती फिकट पिवळं काहीतरी. "माझ्या तिकिटावर ही खूण नव्हती," तुम्ही म्हणालात. काकांना गंमत वाटली, ते हसले. तुम्ही हसला नाहीत. "तिकीट बदललंस." काकांनी कप खाली ठेवला. "असं म्हणायचं असेल तर परत एकदा म्हण." तुम्ही परत म्हणालात. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. मी दारात उभी होते, आई भाजी आणायला मंडईत गेली होती. तुम्ही मला म्हणालात, "आईला यातलं काही बोलायचं नाही. ती त्यांच्याकडे जाऊन रडत बसेल." आईला तुम्ही एवढंच सांगितलंत की ऑफिसात बिनसलं आहे. तिने काही दिवस विचारलं, मग विचारणं सोडलं.

काकांची तब्येत हल्ली बरी नसते असं परवा कानावर आलं. वाटलं, हा माणूस चोर आहे की नाही, हे तो असेपर्यंत कळायला हवं. म्हणून आधी पेठेतल्या एका तिकिटं पारखणाऱ्या मुलाकडे गेले. त्याने तिकीट उलटंसुलटं केलं. "मॅडम, पेपर ओरिजिनल आहे, प्रिंटिंगपण. पण हा डॉट शाई नाहीये. पावडर आहे काहीतरी, फायबरमध्ये बसलीये. मायक्रोस्कोप आत आहे, बघून आणतो." मी म्हटलं, "मीही आत येते." "आत एकच खुर्ची आहे, मॅडम." "मी उभी राहीन." राहिले. शिक्क्याचा तो भाग नाही, कुणीतरी नंतर हाताने लावलेला आहे, असं तो म्हणाला. तिकीट अस्सल निघालं म्हणून माझा संशय काही गेला नाही. स्वच्छ अस्सल घेऊन त्याच्या जागी डागाळलेलं अस्सलही ठेवता येतं की. कुणी आणि का लावलं असेल, याचाच विचार करत घरी आले.

वाघोलीच्या घरी डायनिंग टेबलावर अल्बम उघडला आणि भिंग घेऊन बसले. समोर आई मटार सोलत होती. त्याच पानाच्या शिवणीत काहीतरी बारीक अडकलं होतं. आधी किड्याचं अंडं वाटलं. चिमट्याने काढलं तर तांदळाचा दाणा, गुलाबीसर. अक्षत होती ती, बाबा.

"आई, तू कधी या अल्बमला हात लावला होतास?"

"हात कशाला लावीन? पूजा केली होती." तिने मान वरही केली नाही. "एकदाच. खंडेनवमीला. विळीची झाली, शिवणयंत्राची झाली, यांच्या स्कूटरची झाली. म्हटलं, यांचं खरं हत्यार तर हे. हे ऑफिसात होते तेव्हा."

"आणि हळदकुंकू थेट तिकिटालाच लावलंस?"

"मग? पुठ्ठ्याला लावलं असतं तर डाग दिसला असता, हे ओरडले असते. आणि देवाला सोडून देव्हाऱ्याला कुणी कुंकू लावतं का? यांचं सगळ्यात लाडकं होतं ना, त्यालाच लावलं. काडेपेटीच्या काडीनं, एवढंसं. पुढच्या वर्षी करणार होते, तर यांनी अल्बमला कुलूपच घातलं."

एवढं बोलून तिने मटारचं ताट पुढे सरकवलं, तूही हात लाव म्हणून. खंडेनवमीला पूजा आणि दुसऱ्या दिवशी दसरा. तुम्ही अल्बम न उघडताच काकांच्या हातात ठेवला होता. मला तुमचा भयंकर राग आला, बाबा. जगातल्या प्रत्येक कागदावर तुम्ही भिंग धरलंत आणि घरातल्या बाईला साधं विचारलं नाहीत. तिच्यावर संशय आला नाही, कारण तुमच्या वस्तूला ती हात लावेल हेच तुमच्या डोक्यात कधी आलं नाही. रोज देवापुढे तेच कुंकू बघत होतात, पण तिकिटावर आल्यावर ते ओळखू आलं नाही.

काल कात्रजला काकांनी दार स्वतः उघडलं, काठी टेकत. बराच वेळ बघून म्हणाले, "नाक बापाचंच आहे. ये." मी सगळं सांगितलं. त्यांनी तिकीट तळहातावर धरलं आणि बघत राहिले. "कुंकू होय," म्हणाले आणि अगदी त्या दिवशीसारखे हसले. मग हसणं ओसरलं. "मला इतकी वर्षं वाटायचं, त्यानंच लावलं. मला घालवायला काहीतरी निमित्त हवं म्हणून." हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तुम्ही त्यांना चोर समजत होतात आणि ते तुम्हाला कपटी समजत होते, दोघंही एकाच शहरात. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"वहिनींना ठाऊक आहे, यावरून काय झालं ते?"

"नाही."

"मग नकोच सांगू. इतक्या भक्तिभावानं माझं कुणी काही बिघडवलं नव्हतं." मग म्हणाले, "जरा आतल्या दिव्याखाली बघू? शेवटचं नीट बघितलंच नाही कधी." मी म्हटलं, "बघा ना, निवांत." ते आत गेले, मी बाहेर बसून राहिले. परत आले तेव्हा डोळे पुसलेले होते. पाकीट माझ्या हातात देत म्हणाले, "दसऱ्याला अल्बम आणशील?" मी हो म्हटलं.

आईला मी काही सांगितलेलं नाही. काकांना भेटून आले एवढंच सांगितलं, तर म्हणाली, "ऑफिसातलं मिटलं म्हणायचं." तुमचं प्रश्नचिन्ह आज खोडरबराने पुसलं. तुम्हाला दाबून लिहायची सवय, त्यामुळे कागदावर त्याचा वळ राहिला आहे. या पत्राला तिकीट लागणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी कुणालाच सांगता येणार नाही. काकांकडून निघून रिक्षात बसले आणि पहिला सिग्नल यायच्या आत मी पर्स उघडली. घरून निघताना तिकिटाचा फोटो मोबाईलवर काढून ठेवला होता, तो मोठा केला, तुमचं भिंग काढलं आणि ठिपक्याशी ठिपका ताडून पाहिला. तिकीट तेच होतं.