तटाखालची बाई

ता. पाथर्डी,
फेब्रुवारी १९४७

प्रिय बाबा,

सप्रेम सलाम.

मला इथे वीट आलाय. उन्हाचा नाही, जेवणाचा नाही, माणसांचा. शाळेतून रजा काढून उत्खननावर नकाशे काढायला निघालो, तेव्हा आईला म्हणालो होतो, मजेत राहीन. तिला एवढ्यात काही सांगू नका.

तुमच्या गावाबाहेरचं ते टेकाड, जिथून तुम्ही लहानपणी घराच्या धाब्यावर घालायला पांढरी माती आणायचात, त्याच्या कडेचा उंचवटा म्हणजे जुन्या वस्तीचा मातीचा तट निघाला. आम्ही तो आडवा कापला. बाहेर बुजलेला खंदक, आणि त्यातलीच माती आत थरावर थर चोपून रचलेली. एका थरात रोमच्या नाण्याची नक्कल केलेली भाजक्या मातीची टिकली सापडली, राजाच्या मुखवट्यासकट. म्हणजे तट जवळजवळ दोन हजार वर्षांचा. उत्खननाचे साहेब हवेत होते. खरं सांगतो, मीही होतो.

मग तळाशी ती सापडली. सगळ्यात खालच्या थराच्याही खाली, कुशीवर. बाई, वय कोवळं, असं साहेब म्हणाले. दोन्ही मनगटं पाठीमागे एकावर एक. चित्र मलाच काढायचं होतं, त्यामुळे हाड न हाड बघावं लागलं. जबडा उघडा होता. चित्र पुरं करायला मला सगळी सकाळ लागली.

तुमची गोष्ट आठवली. तट उभा राहीना, म्हणून आपल्या घराण्यातली एक बाई आपणहून पायाच्या खड्ड्यात जाऊन बसली. तेव्हापासून जत्रेत पहिला नारळ महारवाड्याचा. ख्रिस्ती झाल्यावर आपण नारळ सोडला, गोष्ट नाही सोडली. उपासनेत तुम्ही तिचा दाखला द्यायचात, आणि मी पहिल्या बाकावर ताठ बसून ऐकायचो.

आता गावाचं ऐका. बातमी पसरली तसे आबासाहेब पाटील फेटा बांधून आले. इतकी वर्षं तटाखाली महाराची बाई होती. फोटोवाला आला आणि ती पाटलांची झाली. “सून हुती आमची. खुशीनं बसली,” ते साहेबांना म्हणाले, आणि त्या मनगटांकडे बघत म्हणाले. म्हणजे आता पहिला नारळही त्यांचा. महारवाड्यातून श्रीमंतकाका तावातावाने आले, तेव्हा मला वाटलं, आता तरी कुणी बोलेल. त्यांनीही मानाचाच तंटा मांडला. खड्ड्याच्या काठावर अख्खं गाव तिच्यावरून भांडत होतं, पण तिला मारलं, हे एकाच्याही तोंडून निघेना. कुणीतरी खाली उतरून तिच्या कपाळाला शेंदूर फासला. साहेबांना कशाचं काही नाही. मापं झाली, फोटो झाले, आता गाव म्हणेल त्याच्या हवाली करू म्हणतात.

शेवटी तुमच्या बहिणीने, छबूआत्याने, भांडण थांबवलं. “अब्राहाम मास्तर येऊन ‘आमची हाय’ म्हनले, तर त्येंनीच न्यावं. दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई,” ती तुमचं नाव घेऊन म्हणाली. श्रीमंतकाका कबूल झाले. पाटलांना तुमच्याच हाताखाली अक्षरं आली. कुरकुरत का होईना, त्यांनीही मान डोलावली.

म्हणून हे लिहितोय. साहेबांनी रविवारपर्यंतच मुदत दिलीय, त्याच्या आत या. तुम्ही आला नाहीत, तर तिच्यावर देऊळ उठेल आणि दरसाल बोकड कापला जाईल. सगळ्यांसमोर म्हणा, ती आमची आहे. पुरावा नाही, मी खोटं कसं बोलू, असं तुमच्या मनात येईल. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई कुणाची, हे पाटलांनाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. माणसाची लेक होती, तेवढं आपली म्हणायला पुरे आहे. आपल्या दफनभूमीत नेऊ. मी गाडी सांगून ठेवलीय. पुस्तक आणा, प्रार्थना म्हणा. पण बाबा, तिच्यावर प्रवचन करू नका. ती खुशीने गेली, असं यापुढे कुणालाही सांगू नका. तिचे हात बांधलेले होते.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुमचाच
यशया